लाल शाईतली नोंद

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बॉम्बर कमांडमधून उडालेल्यांच्या वारसांनी लिहिलेली चरित्रे मी वाचत आलो आहे. शोध बहुधा आजोबांच्या लॉगबुकापासून सुरू होतो: तारीख, विमान, लक्ष्य, तास, रात्रीची मोहीम लाल शाईत. पुढे क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात स्क्वाड्रनची नोंदवही, आणि तिच्यात कधी नुसते ‘परतले नाही’. कमांडचे ५५,५७३ जण मेले. ही ओढ मला समजते. आक्षेप आहे तो वाचनाला. ‘हॅम्बुर्ग’ हे पुष्कळांना केवळ मोहिमेचे ठिकाण वाटते. जुलै १९४३ मध्ये तिथल्या अग्निवादळात हजारो नागरिक मेले. लिंकनच्या बॉम्बर कमांड केंद्राच्या संग्रहात बॉम्ब सोसलेल्यांच्याही आठवणी आहेत. त्या वाचल्याशिवाय आजोबांची ती लाल नोंद पुरती वाचली, असे मला म्हणवत नाही.