‘हमार्तिया’ : नेमचुकीपासून पापापर्यंत

ॲरिस्टॉटलच्या ‘पोएटिक्स’मधील ‘हमार्तिया’ ही संज्ञा शोकात्मिकेच्या अध्यापनात अपरिहार्य ठरली आहे. मात्र ‘नायकाचा स्वभावदोष’ असा तिचा अर्थ सांगून पुढे जाण्याचा प्रघात तपासून पाहणे आवश्यक आहे.

या नामामागील ‘हमार्तानेइन’ या क्रियापदाचा मूळ अर्थ नेम चुकणे असा आहे. होमरच्या ‘इलियड’मध्ये फेकलेला भाला लक्ष्यावर लागत नाही, तेथे हेच क्रियापद येते. पुढे अभिजात काळात त्यातून कृतीतील वा निर्णयातील चूक सूचित होऊ लागली. प्रसंगी तिला नैतिक छटाही लाभली. ॲरिस्टॉटल आपल्या नीतिशास्त्रात अपघात, चूक आणि अन्याय असा भेद करतो. त्याच्या मते चुकीमागे दुष्ट हेतू नसतो.

इ. स. पू. तिसऱ्या शतकापासून हिब्रू धर्मग्रंथांची ग्रीक भाषांतरे होऊ लागली. त्यांत पापवाचक हिब्रू शब्दासाठी ‘हमार्तिया’ योजला गेला. त्या हिब्रू धातूतही नेम चुकण्याचा अर्थ होता, हे लक्षणीय आहे. ‘नव्या करारा’त तर हा शब्द माणसावर सत्ता गाजविणाऱ्या पापाचा वाचक झाला. आधुनिक ग्रीकमध्ये आरंभीचा ‘ह’ लोपून उरलेला ‘अमार्तिया’ म्हणजे प्रामुख्याने पापच. साध्या चुकीसाठी तेथे ‘लाथोस’ हा शब्द रूढ आहे.

हा उत्तरकालीन अर्थ नकळत मागे नेला, की समीक्षेची दिशा बदलते. बुचरच्या 1895 च्या इंग्रजी भाषांतरात चुकीबरोबर दुर्बलतेचाही पर्याय होता. बायवॉटरने 1909 मध्ये निर्णयातील चूक हा अर्थ स्वीकारला. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. ‘पोएटिक्स’च्या तेराव्या प्रकरणानुसार नायकाचे पतन दुर्गुणामुळे होत नाही आणि करुणा उपजते ती अपात्री ओढवलेल्या दुःखामुळे. इडिपसचा संताप हाच त्याचा अपराध मानला, तर त्याचे दुःख शिक्षा ठरते आणि करुणेचा आधारच ढासळतो. त्याचा कोपिष्टपणा नाटकात दिसतो, हे खरे. परंतु चौदाव्या प्रकरणात ॲरिस्टॉटल सोफोक्लिसच्या इडिपसचे उदाहरण देतो ते अज्ञानातून घडलेल्या कृत्याचे.

म्हणून मराठीत ‘दोष’ वा ‘पाप’ यांपेक्षा ‘प्रमाद’ हा शब्द अधिक समर्पक वाटतो. दोष व्यक्तीच्या ठायी वसतो, प्रमाद तिच्या हातून घडतो. शोकात्मिकेला अभिप्रेत असलेले माणसाचे अपुरेपण या दुसऱ्या शब्दातच सामावते.