बशीतील मेंदू आणि वर्गातील मूल

प्रयोगशाळेत वाढवलेल्या 'छोट्या मेंदूं'मुळे स्वमग्नतेचे, म्हणजेच ऑटिझमचे, कोडे सुटत आले आहे, अशा आशयाचा मजकूर अलीकडे वारंवार वाचनात येतो. तो कितपत खरा मानावा? एका महत्त्वाच्या संशोधनाच्या आधारे आम्ही येथे याचा विचार करणार आहोत.

आधी साधनाविषयी. माणसाच्या त्वचेतील पेशींना मूलपेशींच्या अवस्थेत परत नेता येते, हे जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००७ मध्ये दाखवले. मूलपेशी योग्य पोषकद्रवात वाढवल्या, की त्या आपली आपण रचना करत मेंदूच्या ऊतींसारखे काही मिलिमीटरचे गोळे बनवतात. व्हिएन्ना येथे मॅडलिन लँकेस्टर आणि युर्गेन क्नोब्लिख यांच्या गटाने २०१३ मध्ये असे गोळे तयार केले. त्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. गर्भातील मानवी मेंदूची घडण अशी टप्प्याटप्प्याने न्याहाळता येत नाही आणि उंदराचा मेंदू बराच वेगळा. म्हणून या गोळ्यांचे मोल.

क्नोब्लिख यांच्या गटाने झुरिकच्या सहकाऱ्यांसह २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग असा : स्वमग्नतेशी दृढ संबंध असलेली ३६ जनुके त्यांनी निवडली. क्रिस्पर तंत्राने एकाच ऑर्गनॉइडमधील निरनिराळ्या पेशींत निरनिराळी जनुके बिघडवली. मग एकेका पेशीतील आरएनए वाचून कोणत्या बिघाडाने पेशींची वाटचाल कशी बदलते, ते तपासले. वर्गातील प्रत्येकाला वेगळा प्रश्न देऊन सर्वांची परीक्षा एकाच वेळी घ्यावी, तशी ही युक्ती. 'एआरआयडी१बी' हे जनुक बिघडले, की चेतातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशींच्या दिशेने होणारी पूर्वज पेशींची वाटचाल बदलते, असे आढळले. या जनुकात बिघाड असलेल्या रुग्णांच्या पेशींपासून ऑर्गनॉइड वाढवून हा निष्कर्ष पडताळलाही गेला.

हे काम मोलाचे आहे, यात शंका नाही. आईच्या 'थंड' वागण्यामुळे मूल स्वमग्न होते, असा समज विसाव्या शतकाच्या मध्यात रूढ होता व त्याने कित्येक मातांना अकारण अपराधी ठरवले. मेंदूच्या घडणीत नेमके कोठे काय बदलते, हे दाखवणारा प्रत्येक प्रयोग त्या समजाला उत्तर देतो.

तरीही आमचे काही आक्षेप आहेत. पहिला असा, की एका पेशीवंशात दिसलेला परिणाम सर्व माणसांत तसाच दिसेल, असे धरता येत नाही. हार्वर्डच्या पाओला आर्लोट्टा यांच्या गटाने २०२२ मध्ये तीन जनुकांचा अभ्यास केला. जनुकातील बिघाड तोच असला, तरी परिणामाची तीव्रता पेशी कोणाच्या यावर अवलंबून राहते, असे त्यांना दिसले. दुसरा आक्षेप : रुग्णाच्या शरीरात बहुधा सर्वच पेशींत तो बिघाड असतो, मिश्र ऑर्गनॉइडमध्ये मात्र बिघडलेल्या पेशीच्या शेजारी निरोगी पेशी असतात. तिसरा : बहुसंख्य स्वमग्न व्यक्तींमध्ये असा एखादा ठळक बिघाड सापडतच नाही. अनेक जनुकांतील लहानलहान फरकांचा एकत्रित परिणाम या पद्धतीच्या आवाक्यात सहजासहजी येत नाही.

सर्वांत महत्त्वाचा आक्षेप मात्र प्रयोगावर नसून त्याच्या वर्णनावर आहे. स्वमग्नतेचे निदान वागणुकीवरून होते : संवाद, सामाजिक देवघेव, ठरावीक कृतींची पुनरावृत्ती. ऑर्गनॉइडला डोळे नाहीत, कान नाहीत, सोबती नाहीत. सामान्यतः रक्तवाहिन्याही नाहीत. तो गर्भावस्थेतील ऊतीच्या जवळपास थांबतो. त्याला 'स्वमग्न मेंदू' म्हणणे म्हणजे पायाचे दगड पाहून घरातील माणसांचे स्वभाव सांगणे होय.

तेव्हा विद्यार्थ्यांना हा प्रयोग अवश्य समजावून सांगावा. पण तो पेशींविषयी आहे, हेही सांगावे. वर्गात स्वमग्न मूल असेल, तर त्याला नेमके काय जड जाते आणि कशात रस वाटतो, हे ऑर्गनॉइड सांगणार नाही. ते जवळून पाहणारे शिक्षक व पालकच सांगू शकतील.