'उत्तररामचरिता'तील दोहद

मराठी 'डोहाळे' हा शब्द प्राकृत 'दोहल' व संस्कृत 'दोहद' यांच्याशी संबद्ध आहे. 'दोहद' काही अभ्यासक 'द्विहृद्', म्हणजे दोन हृदये असलेली, यावरून साधतात. काही 'दौर्हृद', म्हणजे अस्वास्थ्य, यावरून. सुश्रुताला पहिला अर्थ मान्य आहे. गर्भिणीची इच्छा डावलल्यास अपत्यात व्यंग उद्भवते, असे तो सांगतो. भवभूतीच्या पहिल्या अंकात वडीलधाऱ्यांचा निरोपही तोच: सीतेचे दोहद अविलंब पुरवावे. तिला वनविहाराची व भागीरथीस्नानाची इच्छा होते, आणि त्यासाठी सिद्ध केलेला रथच तिला त्यागाकडे नेतो. गर्भरक्षणाचा आचार येथे गर्भिणीच्या घाताचे साधन ठरतो.

टीकाकारांचे लक्ष मात्र बहुधा तिसऱ्या अंकातील रामाच्या शोकावर खिळते. प्रसववेदनांनी व्याकुळ झालेल्या सीतेने गंगेत उडी घेतली, ही वार्ता त्या अंकाच्या विष्कंभकात तमसा व मुरला यांच्या संभाषणातून केवळ कळते. सातव्या अंकातील गर्भांकात तिचा एकाकी आक्रोश पडद्याआडून रामाच्या कानी पडतो. तिसऱ्या अंकात राम स्वतःच्या विरहाने मूर्च्छित होतो. येथे तिच्या प्रसूतीच्या दर्शनाने तो व्याकुळ होतो. विरहाकडून प्रसूतीकडे वळलेली ही दृष्टी हेच नाटकाचे मर्म होय. करुणरसाच्या चर्चेने ते वगळणे म्हणजे दोहदातील दुसरे हृदय विसरणे होय.