लोकप्रस्तावाचा अधिकार आणि 'आडवी बाटली' : एक चिकित्सा

प्रत्यक्ष लोकशाहीच्या चर्चेत कॅलिफोर्नियाचा दाखला आवर्जून दिला जातो. तेथे १९११ पासून नागरिक ठरावीक स्वाक्षऱ्या जमवून कायद्याचा मसुदा थेट मतदानास ठेवू शकतात. महाराष्ट्रात विधेयक मांडण्याचा अधिकार मंत्री व सभागृहाच्या सदस्यांपुरताच मर्यादित आहे. म्हणूनच हिवाळी अधिवेशनात धंतोलीतील यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात. त्यांचे पुढे काय करायचे, हे मात्र इतरच ठरवितात.

या संदर्भात दारूबंदीचा अपवाद लक्षणीय ठरतो. गावातील २५ टक्के महिला मतदारांनी वा एकूण मतदारांपैकी तितक्यांनी मागणी केल्यास दारूदुकानाविषयी मतदान घेण्याची तरतूद २००८ च्या आदेशाने केली. 'उभी बाटली' की 'आडवी बाटली', एवढाच प्रश्न. परंतु दुकान बंद होण्यासाठी झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आवश्यक ठरविली गेली. परिणामी, मजुरीसाठी परगावी गेलेल्या स्त्रीची अनुपस्थितीही दुकानाच्याच पथ्यावर पडते. आमदाराच्या निवडणुकीस अशी अट नाही.

लोकप्रस्तावात बहुमताच्या जुलमाचा धोका आहे, हे खरे. कॅलिफोर्नियातच २००८ मध्ये समलिंगी विवाहाचा हक्क लोकमताने काढून घेतला गेला होता. तेव्हा मूलभूत हक्क या प्रक्रियेबाहेर ठेवावेत. मात्र पुरेशा स्वाक्षऱ्यांच्या मसुद्यावर विधानसभेने ठरावीक मुदतीत चर्चा करणे बंधनकारक असावे. नागरिकांना किमान उत्तर मिळण्याचा हक्क असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.