भुताची भीती आणि भुकेची

भयकथा म्हणजे मध्यमवर्गाची करमणूक, असे म्हणून आपल्यातले काहीजण हा प्रकारच झटकून टाकतात. मला ते मान्य नाही. विद्यार्थी चांगले भयकथासंग्रह विचारतात तेव्हा मी रत्नाकर मतकरींचे 'खेकडा' आणि 'गहिरे पाणी' बिनदिक्कत सांगतो. मतकरी भूत बाहेर शोधत नाहीत; ते घरातल्या माणसाच्या मनातून वर काढतात. नारायण धारपही वाचावेत.

पण या कथांत भय बहुधा कोणाला वाटते? ज्याच्याकडे गमावण्यासारखे घर आहे, त्याला. गावाबाहेरचे स्मशान तिथे नुसते नेपथ्य असते. शंकरराव खरातांच्या 'तराळ-अंतराळ' (१९८१) या आत्मकथनात विहिरीतल्या मढ्याच्या राखणीला बसवलेला बाप आहे. त्याला धाक मढ्याचा नाही, पोलिसांच्या हुकमाचा आहे.

आणि अण्णाभाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं'! वारणाकाठचा भीमा मुंबईला येऊन खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते, तेव्हा तो मढ्यांच्या राखेत सोने शोधू लागतो. कोल्ह्यांशी झुंजतो. अखेर प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात, ती कापावी लागतात. आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. कथेत भूत कुठेच नाही. भीमाचा भुताखेतांवर विश्वासही नाही, त्याला ते परवडणारे नाही. तरी प्रेताचा जबडा मिटतो तिथे वाचणाऱ्याचा हात आपोआप मागे येतो.

भयकथांच्या याद्यांत ही कथा मला क्वचितच दिसते. 'सामाजिक' म्हणून ती वेगळ्या कप्प्यात जाते. मी वर्गात ती 'खेकडा'च्या पाठोपाठ वाचून दाखवतो.