शनवार-तेल्यांचा स्वाध्याय

पूर्वीच्या कुलाबा, आतांच्या रायगड जिल्ह्यांतील बेने इस्राएल लोकांविषयीं जें कांहीं लिहिलें गेलें आहे, त्यांत एक विधान निरनिराळ्या शब्दांनीं पुनःपुन्हां आढळतें. हे लोक आपला धर्म विसरले होते. शनिवारचा विसावा, सुंता, कांहीं अन्नांचा निषेध आणि 'शेमा' या प्रार्थनेचा आरंभ एवढेंच त्यांजपाशीं उरलें होतें. पुढें कोचीनचे गुरु व मुंबईचे पाद्री यांच्या शिकवणीनें त्यांस धर्माची ओळख पटली, असें तें विधान होय. तें इतक्या वेळां छापलें गेलें आहे कीं, आतां कोणी त्यास प्रमाण विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखीं त्याचें परीक्षण करण्याचें योजिलें आहे. आमचा पक्ष आरंभींच सांगतों : विधानांतील वस्तुस्थिति बहुतांशीं खरी आहे; तीवरून काढलेला निकाल मात्र चुकीचा आहे.

आमचें पारगांव घाटावरचें, जुन्नर-आंबेगांवच्या मुलखांतलें. बेने इस्राएलांची जुनी वस्ती घाटाखालीं, अलिबाग, रेवदंडा, पनवेल, पेण या बाजूस. नाणेघाट प्राचीन काळापासून जुन्नरास कोकणच्या बंदरांशीं जोडीत आला, एवढ्या आधारावर कल्पनेचे इमले उठविणें हें संशोधन नव्हे. तो मोह आम्ही टाळतों. परंतु आमच्या लहानपणीं गांवचा लांकडी घाणा सोमवारीं उभा असे, कारण तो महादेवाचा वार. कोकणांत लोकांनीं तेल्यांचे दोन वर्ग याच खुणेनें ओळखिले. सोमवारीं घाणा थांबविणारा तो सोमवार-तेली आणि शनिवारीं थांबविणारा तो शनवार-तेली. हें दुसरें नांव शेजाऱ्यांनीं बेने इस्राएलांस दिलें. ज्या समाजाचें नांवच त्याच्या व्रतावरून पडलें, तो आपला धर्म विसरला असें म्हणण्यापूर्वीं क्षणभर थांबावें हें बरें.

या विषयावरील मुख्य ग्रंथ म्हणजे हाईम सामुएल केहीमकर यांचा इंग्रजी इतिहास. त्याचें लेखन १८९७ चें आणि मुद्रण तेल अवीव येथें १९३७ चें, म्हणजे ग्रंथकाराच्या पश्चात् झालेलें. पूर्वजांचें गलबत ख्रिस्तपूर्व १७५ च्या सुमारास नवगांवच्या किनाऱ्याजवळ फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, हें त्यांचें मत वादग्रस्त आहे. त्या वादांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. ग्रंथाचें खरें मोल चालीरीतींच्या नोंदींत आहे. गांवांवरून पडलेलीं केहीमकर, दिवेकर, राजपूरकर, अष्टमकर अशीं आडनांवें. सामुएलाचा झालेला सामाजी. आणि सणांचीं मराठी नांवें हीं त्यांत सांपडतात. नव्याचा सण, खिरीचा सण, शिळा सण, बिरड्याचा सण हीं नांवें पाहिलीं म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. यरुशलेमचें मंदिर पडल्याचा शोकदिवस ज्यांच्या घरीं बिरड्यानें ओळखला जातो, त्यांचें पंचांग स्वयंपाकघरांत राहिलें होतें. ग्रंथाचा दोष हा कीं, ग्रंथकार वकिलाच्या भूमिकेंतून लिहितात. आपला समाज खरा इस्राएल आहे हें परक्या न्यायाधीशास पटवून देण्याच्या भरांत त्यांनीं त्याचीच मोजपट्टी मान्य केली. ती मोजपट्टी अशी कीं, पोथी असेल तर धर्माध्ययन आहे, पोथी नसेल तर नाहीं.

केहीमकरांनीं दिलेली दाविद राहाबीची कथाच या मोजपट्टीच्या विरुद्ध साक्ष देते. राहाबी कोण व केव्हांचा यावर मतभेद आहेत. कोणी त्यास कित्येक शतकें मागें नेतात, कोणी अठराव्या शतकांतील कोचीनच्या राहाबी घराण्यांत शोधतात. कथा मात्र एकच आहे. हे लोक खरोखर यहुदी आहेत काय हें पाहावयास त्यानें स्त्रियांपुढें मिसळलेली मासळी रांधण्यासाठीं ठेविली. त्यांनीं पर व खवले नसलेली मासळी बाजूस काढिली, कारण ती आपल्यांत चालत नाहीं. तेव्हां त्याची खात्री पटली आणि त्यानें तीन घराण्यांतील पुरुष निवडून त्यांस धर्मविधि शिकविले. तेच पुढें काजी म्हणवूं लागले. टीकाकार या कथेंतून राहाबीची गुरुता काढतात. आम्हांस तींत दुसरेंच दिसतें. परीक्षा झाली ती शिकविण्यापूर्वीं, आणि उत्तीर्ण झाल्या त्या स्त्रिया. हें ज्ञान त्यांस कोणत्याही पुस्तकानें दिलेलें नव्हतें. तें रोजच्या चुलीपाशीं आईकडून मुलीकडे आलें होतें.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. यहुदी धर्मांत नित्य अध्ययन हें श्रीमंत-गरीब सर्वांस सांगितलेलें कर्तव्य आहे. १९२३ साली व्हिएन्ना येथील परिषदेंत राब्बी मेईर शापिरो यांनीं तालमुदाचें रोज एक पान जगभर सर्वांनीं एकाच दिवशीं वाचावें अशी योजना मांडली. २७११ पानांचें तें आवर्तन सुमारें साडेसात वर्षांनीं पुरें होतें आणि लगेच पुनः आरंभ होतो. ती आजही चालू आहे. या मापानें पाहतां रेवदंड्याचा तेली शून्य ठरेल. परंतु त्याच तालमुदाच्या 'मनाहोथ' प्रकरणांत, ९९ व्या पानावर, वेगळाच निर्णय आहे. धर्मग्रंथ मुखांतून कधीं दूर होऊं नये ही आज्ञा, जो मनुष्य सकाळीं व संध्याकाळीं केवळ शेमा म्हणतो, त्यानेंही पाळिली असें शिमोन बेन योहाई यांच्या नांवें तेथें सांगितलें आहे. यापुढचा मतभेद मोठा मार्मिक आहे. एक पक्ष म्हणतो, ही सवलत अज्ञ जनांस सांगूं नये. भीति ही कीं, ते मुलांस शिकविण्याचें सोडून देतील. राबा नांवाचे आचार्य उलट म्हणतात, ती त्यांस सांगणें हेंच पुण्य. थोड्याचें एवढें फळ तर अधिकाचें किती, असें त्यांस वाटेल.

संस्कृतज्ञ वाचकांस येथें शतपथब्राह्मणाचें अकरावें कांड आठवेल. पंचमहायज्ञांपैकीं ब्रह्मयज्ञ म्हणजे स्वाध्याय. आणि त्याच्या प्रकरणांत असें सांगितलें आहे कीं, अधिक न साधल्यास एखादी ऋचा, एखादें यजुस्, साम किंवा गाथा तरी उच्चारावी, कारण व्रत खंडित होतां कामा नये. दोन भिन्न भूमींतील, एकमेकांस अज्ञात असे दोन धर्मशास्त्रज्ञ एकाच निर्णयास आले ही गोष्ट सामान्य नव्हे. नित्यकर्माचें मर्म परिमाणांत नसून अखंडतेंत आहे हें दोघांनीं ओळखिलें होतें. बेने इस्राएल जन्म, सुंता, विवाह, मृत्यु अशा प्रत्येक प्रसंगीं शेमाच म्हणत. प्रसंगानें म्हणणें आणि रोज दोन वेळ म्हणणें यांत अंतर आहे हें आम्ही जाणतों. परंतु जी ओळ घराच्या प्रत्येक सुखदुःखांत उच्चारली गेली ती मुखांतून दूर झाली होती असें कोण म्हणेल? आणि तिच्या जोडीस घाणा दर सातव्या दिवशीं थांबतच होता. व्रत बारीक झालें होतें, तुटलें नव्हतें.

राबाची आशा खरी ठरली कीं काय, याचें उत्तर सनावळींत आहे. सामाजी हसाजी दिवेकर यांनीं मुंबईंत पहिलें प्रार्थनामंदिर १७९६ मध्यें उभारिलें. अमेरिकन पाद्री मुंबईस आले ते १८१३ मध्यें. तेव्हां धर्माची ओळख पाद्र्यांनीं करून दिली हें म्हणणें येथेंच ढळतें. १८३२ मध्यें जॉन विल्सन यांनीं हिब्रूचें व्याकरण मराठींत छापिलें, यांत त्यांचा हेतु कांहीं असो. त्याचा उपयोग या लोकांनीं आपल्याच धर्मासाठीं केला. १८४६ मध्यें मुंबईस वल्हांडणाच्या 'हग्गादा'ची मराठी भाषांतरासह शिळाछाप प्रत निघाली. अलिबागचें मंदिर १८४८ चें, पनवेलचें १८४९ चें. १८७५ मध्यें केहीमकरांनीं मुंबईंत इस्राएली शाळा काढिली. जोसेफ एझिकिएल राजपूरकर यांनीं एकामागून एक प्रार्थनाग्रंथ मराठींत आणिले. विसरलेल्या मनुष्यास नव्यानें शिकवावयास पिढ्या लागतात. ज्यास नुसती आठवण द्यावयाची असते तोच असा झपाट्यानें उठतो.

या वाङ्मयांतील आमच्या प्रांतास जवळचा ग्रंथ म्हणजे पुण्यास विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यांत १८७४ मध्यें निघालेला हग्गादा. प्रकाशक मोशे याकोब तळकर व आहारोन दानिएल तळकर. त्याची हुबेहूब प्रतिकृति १९६८ मध्यें न्यूयॉर्क येथें वॉल्टर फिशेल यांच्या प्रस्तावनेसह निघाली, म्हणून तो अभ्यासकांस सुलभ झाला. हिब्रू उजवीकडून डावीकडे व मराठी डावीकडून उजवीकडे, अशा दोन विरुद्ध चालींच्या लिपी एका पुस्तकांत नांदविणें हें ब्राह्मणाच्या छापखान्यांतील जुळाऱ्यांस सोपें गेलें नसेल. चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडीं नेसल्या आहेत. पण ग्रंथाचें महत्त्व त्याच्या रचनेंत आहे. घरांतील सर्वांत लहान मुलानें प्रश्न विचारावयाचा आणि वडिलांनीं मिसर देशांतून सुटल्याची कथा सांगावयाची. त्या रात्रीं दास्यांतून आपणच सुटलों असें प्रत्येकानें मानावयाचें. मुलास कळेल अशी भाषा नसेल तर हा सारा विधि मुका होतो. म्हणून मराठी भाषांतर ही येथें शोभा नसून विधीचें अंगच होतें. चार पेल्यांच्या जागीं मनुकांचें सरबत घेऊन हे लोक ती रात्र आनंदानें जागवीत, हें केवळ खाणेंपिणें नव्हे. तो पाठ होता.

आनंदाची ही गोष्ट टीकाकारांस हलकी वाटते. बेने इस्राएलांनीं १८८० च्या सुमारास कीर्तनोत्तेजक मंडळ काढून अब्राहाम, योसेफ, मोशे यांचीं आख्यानें नारदीय पद्धतीनें, साकी, दिंडी, आर्या, अभंग यांत मराठींत उभीं केलीं. दाविद हाईम दिवेकर व बेंजामिन शिमशोन अष्टमकर हीं त्यांतील आरंभींचीं नांवें. कोणी यांस मनोरंजन म्हणतात, कोणी हिंदूंचें अनुकरण. दोन्ही आक्षेप आम्हांस अमान्य आहेत. शंभरावें स्तोत्र देवाची सेवा हर्षानें करावयास सांगतें. ईश्वराचें सान्निध्य उदासीन मनास लाभत नाहीं, आज्ञापालनाच्या आनंदास लाभतें, असें तालमुदाच्या 'शब्बाथ' प्रकरणांत आहे. मैमोनिदीसही आनंदानें केलेल्या आज्ञापालनास मोठी सेवा मानतो. म्हणजे आनंद हा अध्ययनाचा अलंकार नसून त्याची अट आहे. शतपथांतही स्वाध्याय व प्रवचन हीं दोन्ही प्रिय म्हटलीं आहेत, आणि तें करणारा सुखानें झोंपतो असें फळ सांगितलें आहे. शेमा हा या समाजाचा स्वाध्याय, तर कीर्तन हें त्याचें प्रवचन होय. टाळ-मृदंगाची रीत शेजाऱ्याची, कथा स्वतःची. आपल्याकडे ज्ञान देण्याची जी उत्तम रीत होती तीच त्यांनीं उचलली, यांत त्यांचा विवेक दिसतो.

प्रतिपक्षाची एक बाजू मात्र मान्य केली पाहिजे. कीर्तन कथा वाहून नेतें, व्यवहारशास्त्र नेत नाहीं. घटस्फोटाचा लेख कसा असावा, निपुत्रिक भावाच्या विधवेविषयीं विधि काय, हें साकी-दिंडींत मावत नाहीं. शेमाच्या एका ओळींतही नाहीं. या उणीवेची किंमत पुढें फार मोठी द्यावी लागली. १९४८ नंतर यांपैकीं बहुसंख्य लोक इस्राएल देशीं गेले. तेथें १९६२ मध्यें प्रमुख धर्मपीठानें याच कारणासाठीं त्यांच्या विवाहापूर्वीं पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढिला. त्यावर मोठें आंदोलन झालें आणि १९६४ च्या ऑगस्टांत तेथील लोकप्रतिनिधिसभेनें ते सर्वार्थानें यहुदी आहेत असा ठराव केला. पुस्तकांत सहज लिहिलेलें 'हे धर्म विसरले' हें वाक्य लग्नाच्या मांडवापर्यंत कसें पोंचतें, याचें हें उदाहरण इतिहासलेखकांनीं ध्यानीं ठेवावें.

शेवटीं संग्राहकांस दोन शब्द, आणि प्रथम आमचाच अपराध. पुष्कळ वर्षांपूर्वीं पुण्यास एका रद्दीवाल्यापाशीं मराठी कीर्तनाची एक हस्तलिखित वही आमच्या हातीं आली होती. मोशे व फारो हीं नांवें पाहून पाद्र्यांचें कांहीं असावें असें समजून आम्हीं ती खालीं ठेविली. आज ती कोठें असेल देव जाणे. बखर असती तर आम्हीं पदरमोड केली असती. अशा वह्या व शिळाछाप पुस्तकें विदेशी किंवा मिशनरी या सदरांत टाकूं नयेत. तें आपल्या भाषेचें धन आहे. मात्र दुसरेंही स्मरणांत असावें. ईश्वराचें नांव असलेलें जीर्ण पुस्तक टाकून न देतां जपून ठेवावें व शेवटीं भूमींत पुरावें असा यहुद्यांचा शिरस्ता आहे. आपण जीर्ण पोथी नदींत सोडतों तसाच. तेव्हां कोणी पुस्तक देण्यास कचरला तर त्यास अडाणी समजूं नये. हस्तगत करण्याचा हट्ट सोडून त्याच्या घरीं बसावें, परवानगीनें नक्कल किंवा छायाचित्र घ्यावें, पदाची चाल विचारावी आणि मूळ त्याच्या हातीं परत द्यावें. भारतांत आज हा समाज कांहीं हजारांवर आला आहे. चाल सांगणारे त्याहून पुष्कळ थोडे. वही पुढच्या वर्षीं मिळेल. चाल सांगणारा मिळेल कीं नाहीं, याचा विचार आपल्यापैकीं प्रत्येकानें या वर्षींच करावा.