उत्तरभागातील रिकामी जागा : 'झपाटलेला' आणि 'झपाटलेला २'

लोकप्रिय चित्रपटाचा उत्तरभाग हा आपल्या समीक्षेने फारसा गंभीरपणे न घेतलेला प्रकार आहे. पहिल्या भागाच्या यशाचा व्यापारी लाभ उठविण्याचा खटाटोप, एवढे स्पष्टीकरण त्याबाबत पुरेसे मानले जाते. हे स्पष्टीकरण खोटे नाही, पण अपुरे आहे. उत्तरभाग हे पूर्वसंहितेचे एक वाचनही असते. पूर्वसंहितेतील कोणता घटक अपरिहार्य आणि कोणता बदलता येण्याजोगा, याचा निर्णय उत्तरभागाच्या कर्त्याला घ्यावाच लागतो. आणि तो निर्णय चुकला तर त्या चुकीच्या उजेडात मूळ कृतीची रचना अधिक स्पष्ट दिसू लागते. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' (१९९३) आणि वीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर आलेला 'झपाटलेला २' (२०१३) यांचा विचार प्रस्तुत लेखात या दृष्टीने करावयाचा आहे.

'झपाटलेला'चे बीज 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) या अमेरिकन चित्रपटात आहे, हे सर्वश्रुत आहे. मरणोन्मुख गुन्हेगार आपला आत्मा बाहुलीत संक्रमित करतो आणि पुन्हा मनुष्यदेह मिळविण्यासाठी, आपले रहस्य ज्याला प्रथम कळले त्याच्याच शरीराचा ध्यास घेतो, हे कथासूत्र दोन्हीकडे समान आहे. तथापि मराठी चित्रपटाला केवळ अनुकरण म्हणून बाजूला सारता येणार नाही. मूळ चित्रपटातील वूडूच्या जागी येथे बाबा चमत्कारचा मृत्युंजय मंत्र येतो, आणि त्याबरोबर कथा आपल्याकडील परकायाप्रवेशाच्या जुन्या परंपरेत जाऊन बसते. शंकराचार्यांनी अमरुक राजाच्या देहात प्रवेश केल्याची आख्यायिका ज्या समाजाला ठाऊक आहे, त्या समाजाला तात्या विंचूचा बाहुलीप्रवेश समजावून सांगावा लागत नाही.

त्याहून महत्त्वाचा बदल मात्र दुसराच आहे. 'चाइल्ड्स प्ले'मध्ये बाहुली जिवंत असल्याचे ओळखणारा अँडी हा सहा वर्षांचा मुलगा आहे. तो खरे सांगतो, पण मूल म्हणून त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. कोठारे यांनी या मुलाच्या जागी लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या उभा केला. हा प्रौढ पुरुष आहे, परंतु समाजाने त्याला कधी प्रौढ मानलेले नाही. 'धुमधडाका' (१९८५), 'थरथराट' (१९८९), 'धडाकेबाज' (१९९०) अशा चित्रपटांतून बेर्डे यांची जी प्रतिमा घडत गेली, तिच्या मुळाशी हेच होते: घाबरट, बडबड्या, निरागस आणि कोणाच्याही खिजगणतीत नसलेला माणूस. 'झपाटलेला'तील त्याचे आडनावही बोलके. आणि नेमके त्याचेच बोलणे कोणी ऐकत नाही.

तोदोरोव्ह यांनी अद्भुत साहित्याचा विचार करताना नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक स्पष्टीकरणांमधील वाचकाच्या दोलायमानतेवर भर दिला होता. 'झपाटलेला'त प्रेक्षक असा दोलायमान नसतो. बाहुलीत कोण आहे ते त्याला आरंभापासून माहीत असते. येथील ताण जाणणारा एकटा माणूस आणि न जाणणारा समाज यांच्यात आहे. म्हणूनच या चित्रपटात हास्य आणि भयानक हे दोन रस एकमेकांना मारीत नाहीत. लक्ष्याची भीती इतरांना विनोदी वाटते. आपल्याला ती विनोदीही वाटते आणि खरीही वाटते. आपण हसतो तेव्हा अविश्वास दाखविणाऱ्या समाजाच्या बाजूला असतो आणि घाबरतो तेव्हा लक्ष्याच्या. हे सततचे पक्षांतर हाच या कृतीचा रूपबंध होय.

उत्तरभागाची अडचण येथून सुरू होते. बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी निवर्तले. दरम्यान 'झपाटलेला' दूरचित्रवाणीवरील पुनःप्रक्षेपणांमुळे घराघरांत पाठ झाला. पिंपरीच्या संत तुकाराम नगरासारख्या, कारखान्यांच्या पाळ्यांवर दिवस बेतणाऱ्या वस्तीत चित्रपट पाहणे म्हणजे बहुधा संपूर्ण कुटुंबाने सुटीच्या दिवशी एकत्र बसणे. आणि अशा कुटुंबांतील १९९३ची मुले २०१३मध्ये स्वतःच पालक झालेली होती. याउस ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हणतात, ते या प्रेक्षकापुरते दुहेरी होते. त्याला तात्या विंचू पुन्हा हवा होता, आणि लक्ष्या पुन्हा मिळणार नाही हेही त्याला ठाऊक होते.

'झपाटलेला २'चे बलस्थान असे की, बाहुलीच्या बाबतीत त्याने ही अपेक्षा प्रामाणिकपणे पूर्ण केली. रामदास पाध्ये यांच्या बाहुलीला आणि दिलीप प्रभावळकर यांच्या आवाजाला पर्याय शोधण्याचा मोह टाळला गेला. पाध्ये यांच्याकडे ही कला वडिलांकडून, अर्धवटरावाचे जनक य. के. पाध्ये यांच्याकडून आलेली आहे. हाताने चालविलेल्या बाहुलीच्या हालचालीत जो किंचित अडखळलेपणा असतो, त्यातच तात्याची जरब आहे. वारसा हा कसबातून चालत येतो, याचे हे उदाहरण चित्रपटाच्या आतच उपलब्ध होते.

कथानकाने मात्र वारसा रक्तात शोधला. लक्ष्या मरण पावला आहे, म्हणून तात्याला आता त्याच्या मुलाचे, आदित्यचे शरीर हवे आहे. नियम शाबूत ठेवून अनुपस्थिती भरून काढण्याची ही युक्ती कागदावर चोख आहे. ती पडद्यावर फिकी पडते, कारण लक्ष्याची जागा नात्याने भरली जाते, स्वभावाने भरली जात नाही. आदिनाथ कोठारे यांचा आदित्य हा देखणा, आत्मविश्वासू नायक आहे. अशा नायकाचे म्हणणे जग केव्हा ना केव्हा ऐकणारच, याची प्रेक्षकाला खात्री असते. शिवाय या जगाला तात्या विंचू नवा नाही. इन्स्पेक्टर महेश जाधवसारख्यांनी तो एकदा अनुभवलेला आहे. समाजाचा अविश्वास हा कथेचा आधार उरत नाही, आणि त्याबरोबर हास्य आणि भय यांना जोडणारा सांधाही निखळतो. विनोद सहायक पात्रांकडे जातो, भय बाहुलीकडे राहते, आणि नायकाच्या वाट्याला केवळ साहस येते.

त्रिमिती तंत्राविषयीही हेच म्हणता येईल. मराठीतील पहिला त्रिमिती चित्रपट काढण्याचे धाडस कोठारे यांच्या तांत्रिक जिद्दीला साजेसे होते, आणि मराठी चित्रपटाच्या अर्थकारणात ते लहान नव्हते. परंतु त्रिमितीचे सारे बळ वस्तू प्रेक्षकाच्या अंगावर आणण्यात असते. तात्याचे भय याच्या उलट जातीचे आहे. घरातल्या कोपऱ्यात एक लहानशी, निर्जीव वाटणारी वस्तू बसलेली आहे आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नाही, यात ते आहे.

दीर्घ खंडानंतरच्या उत्तरभागात पुत्र आणणे ही केवळ मराठी युक्ती नव्हे. 'इंडियाना जोन्स' मालिकेतील चौथा चित्रपट (२००८) तिसऱ्यानंतर एकोणीस वर्षांनी आला, तेव्हा त्यातही नायकाला एक मुलगा भेटला. तेथे मूळ नट हयात असल्यामुळे त्याचे वार्धक्य तरी आशय होऊ शकले. कोठारे यांच्यासमोर ती सोय नव्हती. त्यांच्यासमोर होता तो अभाव. आणि अभावालाही आशय करता येते. भवभूतीने 'महावीरचरिता'नंतर 'उत्तररामचरित' लिहिले, तेव्हा पहिल्याच अंकात राम आणि सीता यांना त्यांच्या गतायुष्याची चित्रे पाहावयास लावली. पूर्वकथा तेथे पात्रांनाच हुरहूर लावते, आणि पुढील वियोगाची वेदना त्या स्मरणातून वाढते. 'झपाटलेला २' प्रेक्षकाच्या स्मरणावर विसंबून राहतो. पात्रांना मात्र त्या स्मरणाची पुरेशी झळ लागू देत नाही. बाप वेडा ठरला आणि खरा निघाला, या वारशाचे मुलाने काय करावे, हा प्रश्न कथेच्या हाताशी होता.

प्रेक्षकाचा हा असमाधानाचा सूर म्हणजे निव्वळ गतकालविव्हलता, असा आक्षेप येथे घेता येईल. तो अंशतः मान्य करावयास हवा. बालपणी पाहिलेल्या चित्रपटाशी कोणताही नवा चित्रपट समान भूमीवर लढू शकत नाही. तरीही उणीव केवळ नटाची असती, तर ती शोकाने भागली असती. ती रचनेची आहे. पहिल्या भागाने दुर्लक्षित माणसाला सत्याचा एकमेव साक्षीदार केले होते, आणि ज्यांचे बोलणे घरीदारी कोणी मनावर घेत नाही अशा असंख्य प्रेक्षकांना लक्ष्या आपला वाटला तो त्यामुळे. दुसऱ्या भागाने ते साक्षीपण कर्तबगार नायकाच्या हाती सोपविले. बाहुली परत आली. तिला पाहून ओरडणारा, आणि ज्याचे ओरडणे कोणी ऐकत नाही, असा माणूस तेवढा परत आला नाही.